खाजण

ठाण्यात वाढलेल्या कोणाही मुलाला तलावपाळी ठाऊक असते. मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी भेळ मिळते, नावेत बसता येते, आणि दिवाळीच्या पहाटे तर नव्या कपड्यांतील तरुण मंडळींची तेथे अशी दाटी होते की, तलावाचे पाणी दिसू नये. माझ्याकडे रविवारी सकाळी मराठी शिकावयास जी मुले येतात त्यांना मी एकदा विचारले, "तलावपाळी म्हणता, त्यातील 'पाळी' म्हणजे काय रे?" एकजण म्हणाला, "सर, तिथे पाली खूप असतील." दुसरीने त्याला वेड्यात काढले. ती म्हणाली, "पाळी म्हणजे टर्न. आधी देवळाची, मग तलावाची." पाणी अडविण्यासाठी तळ्याच्या कडेने घातलेला बांध म्हणजे पाळ, हे बारा मुलांपैकी एकालाही सांगता आले नाही. मी हसलो खरा. परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. अशाच एका शब्दाने पूर्वी मलाही चांगला धडा शिकविला आहे. ती हकीगत पुढे येईलच.

ही मुले तेरा ते पंधरा वर्षांची, डोंबिवलीतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी. काहींच्या घरी तमिळ, काहींच्या घरी गुजराती, दोघांच्या घरी मल्याळम. आणि चौघांच्या घरी मराठीच, पण ती जेवणाच्या पानापुरती. २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळाने सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे करणारा कायदा केला, तेव्हापासून माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरची पालकांना आठवण होऊ लागली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा एका मुलाने पेढे आणले आणि भीत भीत विचारले, "सर, आता पेपर आणखी कठीण निघणार का?"

या मुलांना निबंधासाठी हमखास येणारा विषय म्हणजे पर्यावरण. त्यालाही इतिहास आहे. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हापासून या विषयाचा जगभर बोलबाला झाला. १९९१ च्या नोव्हेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने द्यावे असा आदेश दिला. त्यामुळे माझ्या मुलांना 'परिसंस्था' येते, 'जैवविविधता' येते, 'शाश्वत विकास' येतो, 'हरितगृह परिणाम' तर न चुकता ऱ्हस्व-दीर्घासह येतो. 'पर्यावरणाचे संवर्धन ही काळाची गरज आहे' हे वाक्य बाराही वह्यांत एकाच जागी, अगदी शेवटी, येऊन बसते. पण माझ्या गच्चीवरून उल्हास नदीची खाडी दिसते, तिच्या काठची हिरवी झाडी दाखवून "हे कोणते झाड?" असे विचारले, तर वर्गात शांतता पसरते. "मॅन्ग्रोव्ह" असे पुटपुटणारा एखादा निघतो. त्याला मराठीत काय म्हणतात? "खारफुटी", असे एखादी हुशार मुलगी सांगते. आणि त्या खारफुटीतले हे झाड कोणते, ते कोणते? मग मात्र घड्याळाकडे पाहिले जाते.

आता माझी हकीगत.

सन १९८४ च्या सुमारास मी ठाणे जिल्ह्यातील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. नवा होतो, पदवी ताजी होती, आणि हातातील लाल शाईचे पेन फार तिखट होते. 'माझे गाव' या विषयावरील निबंध तपासीत असता खाडीकाठच्या एका आगरी मुलाची वही हाती आली. त्याने लिहिले होते, "आमच्या गावाच्या खालच्या अंगाला खाजन आहे. उधानाचे पानी खाजनात जाते म्हणून गावात येत नाही." आगरी बोलीत 'ण' चा 'न' होतो हे मला ठाऊक होते, पण शाळेत ती सबब चालत नाही अशी माझी श्रद्धा होती. मी 'उधान' खाली रेघ मारली, 'पानी' खाली मारली, आणि 'खाजन' तर सगळाच खोडून त्यावर 'दलदल' असे लिहिले. दहांपैकी चार गुण दिले. तो शब्द 'खाजण' असा आहे, तो अस्सल मराठी आहे आणि दलदलीहून फार निराळा आहे, हे मला, मराठीच्या पदवीधराला, माहीत नव्हते. मुलगा काही बोलला नाही. त्या काळी मुले बोलत नसत.

पुढे काही वर्षांनी डोंबिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या बाजूला, मी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सामान लावून झाल्यावर भाजी आणावयास गेलो, तेथे एक म्हातारे आगरी गृहस्थ बसले होते. मी कोठे राहावयास आलो हे ऐकून ते म्हणाले, "मास्तर, खाजनान घर घेतलाव?" मी मान डोलावली आणि मेथीची जुडी निवडू लागलो. तोच शब्द दुसऱ्यांदा कानावर आला होता, आणि दुसऱ्यांदाही मी तो खाली टाकला.

२६ जुलै २००५ या दिवशी काय झाले ते मुंबई-ठाण्याच्या माणसास सांगावयास नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इकडे उल्हास नदी बदलापूर-कल्याणकडून फुगून आली. रात्री आमच्या उंबऱ्यावरून पाणी आत आले. प्रथम पायरीएवढे, मग खाटेएवढे. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी आम्हां उभयतांस हात धरून वर नेले. माझी पुस्तके खालीच राहिली. चार दिवसांनी मोलेस्वर्थचा कोश गच्चीवर उन्हात घातला, तेव्हा तो पावासारखा फुगला होता. त्या ओल्या पानांकडे पाहत असताना मला एकाएकी ती वही आठवली. 'उधानाचे पानी खाजनात जाते म्हणून गावात येत नाही.' जे खाजण होते त्यावर भराव घालून इमारती उभ्या केल्या, त्यांतल्या एकीत मी राहत होतो. पाणी आपल्या जुन्या जागी आले होते. परके होतो ते आम्ही.

खाजण म्हणजे खाडीकाठची ती सखल, खारी जमीन, जिच्यावर भरतीचे पाणी पसरते. पसरावयास जागा मिळाली म्हणून ते चढत नाही. एवढा साधा हिशोब त्यात आहे. आमच्या पूर्वजांनी या जमिनीचाही उपयोग केला. बांध घालून खारे पाणी अडवावे, बांधाला उघाडी म्हणजे झडपेचे दार ठेवावे, ओहोटीला ते उघडून पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडावे, भरतीला मिटावे, आणि आत 'राता' नावाचा, खार सोसणारा तांबडा भात घ्यावा. जेथे भात होत नाही तेथे मिठाचे आगर करावे. त्या आगरावरूनच 'आगरी' हे नाव आले. म्हणजे एका जमातीचे नाव, एक धान्य, एक धंदा आणि पुरापासून रक्षण, एवढे सगळे ज्या जमिनीशी बांधलेले होते तिच्या नावावर मी लाल रेघ ओढली होती.

त्या दिवसापासून मला एक छंद लागला. आपल्या भाषेला असे शब्द कोणी दिले, कोणी जपले, आणि कोणी टाकले, याचा मी माग काढू लागलो.

शब्द देण्याचे मोठे मान प्रथम राजाचा. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि दरबारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. समुद्राचा म्हणून निराळा वर्ग त्यांत नाही. गंमत अशी की, १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर मराठ्यांची गलबते बांधली जाऊ लागली ती या आमच्या कल्याणच्याच खाडीत, दुर्गाडीच्या सावलीत. ती बांधणाऱ्या आणि हाकणाऱ्या लोकांनी आपले शब्द कोणास विचारून घेतले नाहीत. 'गुराब' अरबी, 'सुकाणू' अरबी, 'तारू' आपले, 'शीड' आपले. वाऱ्याबरोबर जे आले ते त्यांनी घेतले. कल्याण हे बंदरच मुळी दोन हजार वर्षांचे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत त्याचे नाव आहे, ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' मध्येही आहे. एवढ्या काळात या खाडीने किती भाषा ऐकल्या असतील!

दुसरा मान कोशकाराचा. जेम्स मोलेस्वर्थ हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. त्याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला; पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. पोथ्यांतील भाषेबरोबर बोलण्यातील भाषाही त्याने टिपली, म्हणून तो कोश आजही हाताशी असावा लागतो. पुढे १८८२ साली जेम्स कॅम्बेल याने संपादिलेल्या मुंबई गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यावरील खंड निघाले. त्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, मिठागरे आहेत, खारी शेती आहे. १९०५ साली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, आगरी इत्यादी किनाऱ्याच्या बोलींचे नमुने दिलेले आहेत. साहेबाला महसूल हवा होता, राज्य चालवावयाचे होते, हे सगळे खरे. तरीही ज्या बोलीवर मी लाल रेघ मारली तिचा मान राखून नोंद करण्याचे काम त्याने माझ्या आधी ऐंशी वर्षे केले होते, हे मला लाजत का होईना कबूल केले पाहिजे.

तिसरा मान सरकारचा. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि परिभाषाकोशांचे काम सुरू झाले. १९६७ च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली. प्राथमिक शाळेत 'परिसर अभ्यास' हा विषय आला. 'परिसर' हा किती घरगुती शब्द! पुढील वर्गांत मात्र त्याचे 'पर्यावरण' होते, आणि मुलगा अंगणातून उठून सभागृहात जाऊन बसतो. या शब्दांना मी नावे ठेवीत नाही. शास्त्र शिकवावयाचे तर नेमके, सर्व महाराष्ट्रात एकच अर्थ देणारे शब्द लागतात. रत्नागिरीचा शब्द गडचिरोलीस कळला पाहिजे. पण सभागृहातला शब्द आला म्हणून अंगणातला हाकलून द्यावा, असे कोठे ठरले आहे?

याच विचारात असता गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती नवऱ्याच्या नोकरीनिमित्त डब्लिनला असते. म्हणाली, "सर, माझी मुलगी शाळेत आयरिश शिकते. सक्तीची आहे. घरी आम्ही मराठी, शेजारी इंग्रजी, आणि ही बसून हवामान बदलावरचे शब्द आयरिशमध्ये घोकते. हुबेहूब तुमच्या वर्गासारखे!" मला नवल वाटले. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही देशाची पहिली राजभाषा ठरविली. पण तेथील बहुतेकांची रोजची भाषा इंग्रजी. तेव्हा तेथील मास्तरांपुढेही हाच पेच: मुलांना नवे शास्त्रीय शब्द द्यावयाचे, की शेतातले आणि किनाऱ्यावरचे जुने शब्द सांभाळावयाचे? इंग्रजीतला दलदलीचा 'बॉग' हा शब्ददेखील मूळ आयरिश. त्या भाषेत 'बोग' म्हणजे मऊ. मऊ जमीन ती बॉग. शब्द उच्चारताच पाय रुतल्यासारखा वाटतो.

त्या देशाने एक काम मात्र असे केले आहे की, ते ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. १९३५ साली तेथे लोकविद्येचे एक सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांना कामास लावले. वरच्या वर्गांतील या मुलांनी आपल्या घरी, शेजारीपाजारी, म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसावयाचे आणि विचारावयाचे: पाऊस येणार हे कशावरून ओळखतात? कोणत्या शेताला काय म्हणतात? कोणती वनस्पती कशाला लावतात? मग ते सारे वहीत उतरवावयाचे. बरेचसे इंग्रजीत लिहिले गेले, थोडे आयरिशमध्ये. पण लिहिले गेले. त्या वह्या फेकल्या नाहीत, त्यांवर लाल रेघा मारल्या नाहीत; त्या राष्ट्रीय ठेव म्हणून जपल्या, आणि आज कोणासही घरबसल्या वाचता येतात.

मी ठरविले, आपणही एक वही घालावयाची.

आमच्या वहीची रीत सोपी आहे. महिन्यातून एका रविवारी वर्ग खाडीवर भरतो. जाण्यापूर्वी भरती केव्हा ते काढावे लागते, आणि येथेच पहिला धडा सुरू होतो. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. हा समुद्रकिनाऱ्याचा हिशोब. खाडीत जसजसे आत यावे तसतसा उशीर होतो. मी हे सांगितले तेव्हा मुलांपुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक, तिथी म्हणजे काय. आणि दुसरी, पाऊण म्हणजे काय! एकाने मोबाइलमध्ये 'झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह' असा गुणाकार करून उत्तर काढले आणि विजयी मुद्रेने पाहिले. दिनदर्शिका भिंतीवरून उतरली. अमावास्या-पौर्णिमेस चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात म्हणून पाणी उंच चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ आडवी पडते म्हणून भरती बेताची, ती भांग. भूगोलाच्या पुस्तकात हे त्यांनी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण पाण्याने त्या दिवशी बाराव्या मिनिटाला पायरी गाठली, तेव्हा पुस्तकातली आकृती पहिल्यांदाच ओली झाली.

खाडीवर आमच्या गुरू आहेत एक कोळी मावशी. त्या चिंबोऱ्या विकतात. पहिल्या दिवशी मुलांनी त्यांना "मॅडम" म्हटले; त्यांनी इतके हसून घेतले की, टोपलीतील एक चिंबोरी त्या गडबडीत निसटली. आता मुले "मावशी" म्हणतात, आणि मावशी त्यांना "बाला" म्हणतात. मावशींनी झाडे दाखविली. हा तिवर, याचे पान जिभेला लावून बघ. मुलीने लावले आणि तोंड वाकडे केले. मुळांनी घेतलेले मीठ तिवराचे झाड पानांतून बाहेर टाकते, हे शास्त्र मी सांगितले; पण चव मावशींनी दिली. तिवराभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळे वर आलेली असतात, ती श्वासासाठी. ही चिपी. तो कांदळ, त्याचे बी झाडावरच रुजते, शेंगेसारखे लोंबते आणि मग खाली चिखलात पडते. ती काटेरी पानांची मारांडी. चिखलावर उड्या मारतो तो मासा निवटी. आणि मोठ्या भाग्याने जाळ्यात येतो तो जिताडा, ज्याचे नाव काढताच मावशींचा आवाज देवाचे नाव घेतल्यासारखा होतो.

एका मुलाने विचारले, "मावशी, चिपीचं सायंटिफिक नेम माहीत आहे का?" मी दचकलो, पण मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्याचा नाव तुला ठावं, याचा झार मला ठावं. दोघांनी मिलून सांगू." यापेक्षा चांगली शिक्षणपद्धती मला कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयात कोणी सांगितली नव्हती.

हे ऐकून कोणी म्हणेल, तर मग सरकारी शब्द हवेत कशाला? वाचकहो, तेही हवेत; आणि का, तेही याच खाडीने शिकविले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी, म्हणजे त्या महापुरानंतर सव्वादोन महिन्यांनी, मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास आणि तिच्यापासून ५० मीटरांच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील घाला आहे. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात 'कांदळवन कक्ष' निघाला. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदली गेली. २०२० साली पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राचा राज्य-कांदळवृक्ष हा मान मिळाला. 'पाणथळ', 'कांदळवन', 'अभयारण्य' हे शब्द नसते, तर न्यायालयात दाद कशाच्या नावाने मागावयाची? मावशींचा 'तिवर' न्यायमूर्तींपुढे उभा राहिला तो 'कांदळवन' हा अंगरखा घालूनच. आणि पाहा, तो अंगरखाही किनाऱ्याच्याच कापडाचा! कोण्या समितीने खोलीत बसून बनविलेला तो शब्द नव्हे. कोळ्या-आगऱ्यांच्या 'कांदळा' लाच 'वन' जोडले आहे. चांगली परिभाषा अशीच व्हावी. मारुती चितमपल्लींनी रानात वनखात्याची नोकरी करता करता आदिवासींकडून शब्द घेतले, पक्षिकोश रचला, आणि मराठीला जे दिले ते याच वाटेने. त्यांना शब्द सुचले, कारण त्यांनी आधी ऐकले.

तेव्हा मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच. शास्त्राचा शब्द वस्तूचे रक्षण करतो. बोलीचा शब्द तिच्याकडे पाहावयास शिकवितो. मुलाला फक्त पहिला दिला, तर तो निबंध उत्तम लिहील आणि पुढे निर्धास्तपणे खाजणात घर घेईल. मी घेतले तसे. डोंबिवली-कल्याणात आज जी मुले वाढत आहेत त्यांतील कोणी अभियंता होईल, कोणी नगररचनाकार, कोणी महापालिकेत निवडून जाईल. नकाशावर त्यांना एक कोरा तुकडा दिसेल. त्याला 'मोकळी जमीन' म्हणावयाचे, की 'खाजण' म्हणावयाचे, यावर कित्येकांच्या तळमजल्याचे भवितव्य ठरणार आहे. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदी विसरलेली नाही. विसरलो आहोत ते आपण.

गावांची नावे तरी कान देऊन ऐका. कळव्याजवळचे खारेगाव, ठाण्यातील खारटन आणि उथळसर, कल्याणकडील उंबर्डे, आंबिवली, मुंब्र्याकडचे रेतीबंदर. रेल्वेच्या पाट्या आणि रिक्षावाल्यांच्या हाका यांत आमचे अर्धे पर्यावरणशास्त्र लिहिलेले आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. तेव्हापासून आपण ही नावे खिडकीतून वाचीत आहोत. आता माझी मुले गाडीत बसली की, नावे फोडीत बसतात. कित्येकदा चुकतात. चुकू देत. शब्दाकडे पाहण्याची सवय लागली हे काय थोडे झाले?

आमच्या वहीत आजपर्यंत दोनशेच्या वर शब्द जमले आहेत. प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने: कोणाकडून ऐकला, कोठे पाहिला, आणि शास्त्रात त्याला काय म्हणतात. बोलीत 'न' असेल तेथे 'न' च लिहावयाचा, प्रमाण रूप शेजारी. लाल शाई वर्गात आणावयाची नाही, असा नियम आहे. तो मुलांनी केलेला नाही, मी केला आहे. वहीच्या पहिल्या पानावर मात्र शब्द नाही, एक वाक्य आहे. ज्याचे ते आहे तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो कोठे आहे हे मला ठाऊक नाही. पण दहांपैकी दहा गुण त्याच्या नावावर मी जमा करून ठेवले आहेत. वाक्य असे: 'उधानाचे पानी खाजनात जाते म्हणून गावात येत नाही.'

लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. किनाऱ्यावर त्या रात्री अकरा-बाराच्या सुमारास उधाणाची भरती असेल. आमच्या खाडीत आणखी थोडी उशिरा. फटाक्यांचा आवाज ओसरला, मुले झोपली, पणत्यांतले तेल संपत आले की, यंदा एकदा गच्चीवर जाऊन खाडीच्या दिशेने पाहा. अंधारात काही दिसणार नाही. पण पाणी तेथे खाजणात चढत असेल, आणि आपण कोरड्या पायांनी उभे असू.